द्राक्षाची जात नाकाने ओळखायची तर आधी पिंपाचा वास वेगळा काढा

तुम्ही लिहिलंय, की सहा-सात वाइन चाखून झाल्या, बाटलीवर चेरी, काळी मिरी, लिची असं लिहिलेलं असतं, पण नाकाला 'वाइनचा वास' एवढंच कळतं. आपल्या नाकातच काही कमी आहे का, अशीही शंका तुम्हाला आली आहे. कमी काही नाही. फक्त ग्लास नाकाशी नेल्यावर 'हे कुठलं फळ?' असं विचारू नका, 'हा वास आला कुठून?' असं विचारा.

वाइनमधला वास ढोबळमानाने चार ठिकाणांहून येतो: द्राक्षातून, रस आंबताना, ओक लाकडाच्या पिंपातून आणि बाटलीत मुरताना. जात सांगतो तो मुख्यतः पहिला. लोणी आणि व्हॅनिला म्हणजेच शार्डोने (ही पांढऱ्या वाइनची जात), असं मी कितीतरी दिवस धरून चाललो होतो. पण लोण्याचा वास डायअॅसिटिलचा, म्हणजे मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंचा, आणि व्हॅनिला ओकचा. पिंपात न ठेवलेली शार्डोने पहिल्यांदा घेतली तेव्हा हाती उरलं थोडं सफरचंद, थोडं लिंबू. ही जात मुळात शांत आहे, बनवणारा तिला जे देईल ते ती घेते. म्हणून शिकायला तिच्यापासून सुरुवात करू नये.

सुरुवात बोलक्या जातींपासून करा. गेवुर्झट्रामिनर ही सगळ्यात सोपी. तिच्यात रोझ ऑक्साइड नावाचं संयुग असतं आणि लिचीच्या वासातही तेच महत्त्वाचं असतं. म्हणजे 'लिचीसारखा वास' ही कुणा चाखणाऱ्याची कविकल्पना नव्हे. मस्कटमध्ये लिनालूल, जेरॅनिऑल अशी फुलांच्या वासाची द्रव्यं भरपूर असतात. जिच्या वाइनला खरोखर ताज्या द्राक्षांचा वास येतो अशा मोजक्या जातींपैकी ती एक.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो ढोबळ्या मिरचीचा धागा. कॅबर्ने सोव्हिन्याँ, कॅबर्ने फ्राँ (या दोन्ही लाल) आणि सोव्हिन्याँ ब्लाँ (ही पांढरी) या तिघींत त्या वासाची, मेथॉक्सीपायरझिन नावाची संयुगं सापडतात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असली तरी नाक त्यांना पकडतं. द्राक्ष पिकत जातं आणि घडांवर ऊन पडतं तसतशी ती कमी होतात, म्हणून थंड वर्षातली कॅबर्ने जास्त 'हिरवी' लागते. एका लाल आणि एका पांढऱ्या वाइनला एकच वास का, याचं उत्तर १९९७ मध्ये डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डीएनए तपासून मिळालं: कॅबर्ने सोव्हिन्याँ ही कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिन्याँ ब्लाँ यांचं अपत्य आहे. हे कळल्यापासून तो वास आला की मला आधी घराणं आठवतं, जात नंतर.

सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये मिरचीशिवाय पॅशनफ्रूट आणि ग्रेपफ्रूटही येतं, न्यूझीलंडच्या मार्लबरोची घेतलीत तर जोरात येतं. हा वास थायॉल वर्गातल्या द्रव्यांचा. ती रसात बांधलेल्या रूपात असतात आणि यीस्ट त्यांना मोकळी करतं, म्हणून नुसता रस हुंगून ती फारशी कळत नाहीत. इथे माझी वरची चार ठिकाणांची वाटणी थोडी ढिली पडते: कच्चा माल द्राक्षाचा, पण दार उघडतं यीस्ट.

आता तुमच्या शंकेकडे. शिराझ या लाल वाइनमधली काळी मिरी रोटंडोन या द्रव्याची. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याचं काम २००८ मध्ये प्रसिद्ध केलं आणि खऱ्या काळ्या मिरीतही तेच द्रव्य आहे असं दाखवलं. त्याच कामात दिसलं, की साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास येतच नाही. तेव्हा शेजारच्याला मिरी जाणवली आणि तुम्हाला नाही, तर उगाच होकारार्थी मान हलवू नका. 'मला नाही आली' असं स्वच्छ लिहा.

रीझलिंग या पांढऱ्या जातीचा रॉकेलसारखा वास टीडीएन नावाच्या संयुगाचा, तो बाटलीत मुरताना वाढतो. व्हिओनिएत जर्दाळू, पिनो न्वारमध्ये चेरी-स्ट्रॉबेरी, नेबिओलोत गुलाब आणि डांबर, एवढं सध्या पुरे.

मात्र नाक अडलं की जिभेला विचारा. पिनो आणि नेबिओलो दोन्ही फिकट लाल दिसतात, पण नेबिओलोचा तुरटपणा हिरड्यांना धरून बसतो आणि पिनो सहसा मऊ उतरते. रीझलिंगचा आंबटपणा तोंडाला पाणी सुटेपर्यंत धारदार असतो, गेवुर्झट्रामिनरचा मंद. जात ठरवताना हे पुरावे फळांच्या नावांपेक्षा मला जास्त भरवशाचे वाटतात.

सराव जोड्यांनी करा, एकेक वाइन सुटी घेऊन नाही. वेगळेपण शेजारी ठेवल्यावरच दिसतं. पहिली जोडी गेवुर्झट्रामिनर आणि पिंपाबाहेरची शार्डोने, दुसरी सोव्हिन्याँ ब्लाँ आणि रीझलिंग, तिसरी कॅबर्ने आणि शिराझ. पांढरी फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, फार गार वाइनचा वास दबतो. ग्लास एक-तृतीयांशच भरा, फिरवा, छोटे छोटे श्वास घ्या. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या आणि पुन्हा वळा. तिसऱ्या जोडीच्या दिवशी ढोबळी मिरची चिरून आणि काळी मिरी कुटून बाजूला ठेवा, वाइन आणि वाटी आलटून पालटून हुंगा.

आणि कुणाला तरी ग्लास भरायला सांगून बाटल्या झाकून ठेवा. बोर्दोमधल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळा नाकाला इतकं ओढतो. म्हणून आधी वहीत तुमचे शब्द, मग लेबल. 'ओल्या मातीसारखं' किंवा 'जुन्या कपाटासारखं' असं सुचलं तर तसंच लिहा. तिन्ही जोड्या झाल्या की ती पानं इथे टाका, कुठल्या जातीत नेमकं काय निसटतंय ते आपण एकेक करून बघू.