वडिलांना पार्किन्सन्स (कंपवात) आहे, आमची शेती आहे आणि फवारणी मीच करतो. मलाही होईल का?

शक्यता थोडी वाढते, पण होईलच असं नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला कंपवात असेल तर धोका साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. ऐकायला मोठं वाटतं. मात्र आयुष्यभरात हा आजार होण्याची मूळ शक्यताच १-२ टक्क्यांच्या आसपास असते. एलआरआरके२ सारख्या एखाद्याच जनुकातल्या दोषामुळे झालेले रुग्ण थोडे. वडिलांना पन्नाशीच्या आत सुरू झाला असेल किंवा घरात आणखी कुणाला असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला जनुकीय तपासणीबद्दल विचारा. सत्तरीत सुरू झाला असेल तर मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही.

फवारणीचं मात्र मनावर घ्या. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक हाताळणाऱ्यांमध्ये हा आजार जास्त आढळला आहे. रोटेनोन पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्रणेवरच घाव घालतं आणि मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशींना तो सोसत नाही; पार्किन्सन्समध्ये याच पेशी मरतात. पॅराक्वाटवर युरोपीय संघात २००७ पासून बंदी आहे. भारतात ते त्यानंतरही विकलं जात राहिलं. कोळपणी-निंदणीवर भागत असेल तर ते आणूच नका. औषध कालवताना उघडा हात घालणं, वाऱ्याच्या तोंडावर पंप मारणं, तेच कपडे घालून जेवायला बसणं हे आजपासून बंद. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, उकडलं तरी.

सिगारेट ओढणाऱ्यांत पार्किन्सन्स कमी दिसतो, हे निरीक्षण खरं आहे. म्हणून कुणी बिडी पेटवायचा सल्ला दिला तर ऐकू नका.