किक-ऑफच्या आधी

रविवारी संध्याकाळी आलास, दोन कप चहा घेतलास, संत्रं सोलून फोडी ताटलीत नुसत्या मांडत बसलास आणि काही न बोलता निघून गेलास. तुझी काकू तेव्हाच म्हणाली, याचं काहीतरी बिनसलंय. मग रात्री साडेअकराला तुझा हातभर मेसेज. मला फोनवर एवढं टाइप करणं जमत नाही, म्हणून कागद घेतला.

तू कोच, चौदा वर्षांखालचे पोट्टे, फुटबॉलची सेमीफायनल, शेवटची सहा मिनिटं. कॉर्नरचा बॉल तुझ्या नऊ नंबरच्या हाताला लागून आत गेला. रेफरीच्या पुढे तिघं उभे होते, त्याला दिसलं नाही. तुला दिसलं. पोरगा आनंदाने धावला नाही, आधी त्याने तुझ्याकडे पाहिलं. आणि तू टाळ्या वाजवल्यास. आता तो प्रॅक्टिसला येत नाही. पालकांच्या ग्रुपवर 'रेफरीने दिला म्हणजे गोल' चाललंय, एक बाप म्हणतो 'मुद्दाम थोडीच लावला', आणि तू मला विचारतोस, फायनलमधून नाव मागे घेऊ का?

घेऊ नको. काहून घेतोस? बाकीच्या पंधरा पोट्ट्यांनी काय केलं? सगळ्यांदेखत स्वतःला शिक्षा करून घेतली की आपल्याला बरं वाटतं, हे मला माहीत आहे. पण ती शिक्षा भोगणार पोरं.

'मुद्दाम' वगैरे आधी संपवून टाकू. स्वतःच्या हाताला लागून थेट गोल झाला, तर हात चुकून लागला असला तरी गोल नाही. फुटबॉलचा नियम 12. तुला पाठ आहे, तरी तू मेसेजमध्ये दोन परिच्छेद त्यावर घालवलेस. वकिली करत होतास, दुसरं काय.

आता नियम 5 बघ. खेळ पुन्हा सुरू झाला की रेफरीला आधीचा निर्णय बदलता येत नाही. सगळे हे वाक्य रेफरीची ताकद म्हणून वाचतात. मी ते उलटं वाचतो. म्हणजे मध्यावरून पुन्हा किक-ऑफ होईपर्यंत त्याला बदलता येतो! गोल झाला, पोरं एकमेकांवर पडली, एकाने कोलांटी मारली, कोणीतरी जाळीतून बॉल काढला, तो मध्यावर आला. आपल्याकडे याला पाऊण मिनिट लागतं. ना कॅमेरा, ना व्हिडिओ बघून निर्णय तपासणारं व्हीएआर, लाइनवर झेंडे घेऊन दुसऱ्या टीमचीच दोन पोरं. त्या पाऊण मिनिटात खरं बोललास तर त्याचा गोल रद्द होतो. शिटी वाजल्यानंतर बोललास तर त्याच्या नुसत्या गप्पा होतात. म्हणून जे काय बोलायचं ते किक-ऑफच्या आधी बोल.

2012 मध्ये इटलीत नापोली क्लबविरुद्ध लाझिओच्या क्लोजेचा गोल हाताला लागून गेला होता. रेफरीने दिलाही होता. क्लोजेने तिथल्या तिथे जाऊन सांगितलं, गोल रद्द झाला. नंतर नापोलीने तीन मारले आणि लाझिओ हरली. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तू पोरांना 'खरं बोललं की देव पाहतो' असलं काहीतरी शिकवशील. आणि तुझा लाडका बिएल्सा, तेव्हा इंग्लंडातल्या लीड्सचा कोच. 2019 मध्ये समोरच्या अ‍ॅस्टन व्हिलाचा खेळाडू पडलेला असताना लीड्सने गोल मारला, तेव्हा त्याने स्वतःच्या पोरांना ओरडून सांगितलं की त्यांना एक मारू द्या. कधी सांगितलं? भांडाभांडी चालू होती तेव्हाच. हॉटेलवर जाऊन, रात्री झोप न लागल्यावर नाही सांगितलं. किक-ऑफ झाला आणि व्हिलाने बॉल नेऊन जाळीत घातला, एक-एक.

तू म्हणशील, सरांना उपदेश करायला काय जातं. तर ऐक. तुला हे कधी सांगितलं नाही.

कामठीत एक शालेय फायनल होती, मी आमच्या शाळेचा कोच. तुझ्या जन्माच्याही आधीची गोष्ट. सकाळी सातची मॅच, कारण नऊनंतर उन्हाने डोकं फुटायचं. आयोजकांची जाळी उजव्या बाजूला फाटलेली. मॅचआधी मीच खिशातली सुतळी काढून तिला तीन गाठी मारल्या. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या विंगरचा फटका पोस्टच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळीवर आदळला, मधली गाठ सुटली आणि बॉल भोकातून आत. रेफरी लांब होता, त्याला जाळीत बॉल दिसला. त्याने गोल दिला.

मी त्याच पोस्टपासून चार पावलांवर उभा. सुटलेली सुतळी वाऱ्यावर हलताना मला दिसत होती. त्यांचा गोलकीपर, बारीकसा पोट्टा, त्या भोकात हात घालून 'सर इकडून, सर इकडून' ओरडत होता. रेफरीने त्याला पिवळं कार्ड दाखवलं. खरं बोलणाऱ्याला कार्ड. मी खाली बसलो आणि बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

चौथ्या दिवशी मी आयोजकांना पत्र दिलं. गोल झाला की नाही याबाबत रेफरीचा निर्णय अंतिम, असं त्यांचं उत्तर आलं. बरोबरच होतं ते. शील्ड शाळेतच राहिली, हेडसरांच्या खोलीत. लोक म्हणायचे, बघा, यांनी निदान पत्र तरी लिहिलं. मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो. पत्र लिहायला हिंमत लागतेच की! कोण लिहितं? पण त्या पोराचं कार्ड त्या पत्राने मिटलं नाही आणि मी पोस्टजवळ असतानाच बोललो असतो तर पत्राची गरजच नव्हती. आजही कामठी रोडने गेलो की मला तो फाटका कोपराच आठवतो.

त्यानंतर मी हट्टाला पेटलो. आपल्या फायद्याची चूक दिसली की लाइनवरूनच हात वर. त्यापायी आम्ही तीन मॅच हरलो. एका क्वार्टर फायनलमध्ये आमच्या डिफेंडरने बॉल गोललाइनच्या आतून काढला, असं मी स्वतः ओरडून सांगितलं आणि बाहेर पडलो. आता खरं सांगू? बॉल पूर्ण लाइनपलीकडे गेला होता का, याची मला आज खात्री नाही. दोन पालकांनी पोरं काढून दुसऱ्या कोचकडे घातली. तुझी काकू म्हणते, तुम्हाला खरेपणाची खाज आहे. असेल. पण त्या पोरांपैकी कुणी मॅचमध्ये माझ्याकडे पाहून विचारलं नाही की सांगू की नको. त्यांना माहीत असायचं. तुझ्या नऊ नंबरला माहीत नव्हतं. तेरा वर्षांचं पोरगं त्या पाऊण मिनिटात कोचचं तोंड बघतं आणि तुझ्या तोंडावर काय होतं? आनंद. चिडलो मी त्यावर, हाताच्या गोलावर नाही.

आता त्याच्या घरी जा. तो मैदानावर येण्याची वाट बघू नको. आईवडिलांसमोरच सांग की तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, चूक माझी. बस. पुढे भाषण नको, 'पण' तर मुळीच नको. फायनल खेळायची की नाही ते त्याला ठरवू दे. नंतर हरलेल्या टीमच्या कोचला भेट, तेही उभ्या उभ्या. त्याला तर्री पोहे खायला घालू नको, नाहीतर त्याला वाटेल सौदा करायला आलास. तो चार शिव्या देईल. ऐकून घे. त्याने तुझं मन हलकं होणार नाही. माझं झालेलं नाही.

आणि या आठवड्यात सराव मॅचला शिटी घेऊन उभा राहू नको. फाउल, हात, थ्रो-इन, सगळं पोरं स्वतःच बोलतील. पहिले दोन दिवस नुसता गोंधळ होईल, भांडतील, एखादा रडेल. मध्ये पडू नको. शिकव एवढंच, की बोलायचं ते किक-ऑफच्या आधी.

फायनलला मी येतो. साडेपाचला ये मला न्यायला, जाळी आपण दोघं तपासू. सुतळी आणू नको, नायलॉनची दोरी आण.