कॉर्निस चिकटवायला नेमकं काय वापरू?
अरे दादा, आधी कॉर्निस, म्हणजे भिंत आणि छत मिळतात तिथली ती शोभेची पट्टी, कशाची आहे ते बघ, गम नंतर.

थर्माकोलची असेल तर तो पिवळसर, उग्र वासाचा, चपला चिकटवायचा गम चुकूनही लावू नकोस, त्यातलं सॉल्व्हंट थर्माकोल खातं, मी एकदा लावला होता आणि दहा मिनिटांत पट्टीला खड्डे पडले, बायको अजून हसते. तिथे पाण्यावरचा ॲक्रेलिक ॲडहेसिव्ह घे, बंदुकीने मारायच्या ट्यूबमध्ये मिळतो, घट्ट असतो आणि भिंत थोडी वाकडी असली तरी फट भरून काढतो. पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेन नावाच्या हलक्या प्लास्टिकच्या पट्टीलाही हाच चालतो. पीओपीची किंवा जिप्समची जड पट्टी मात्र नुसत्या गमवर टांगू नकोस, पीओपी कालवून लाव आणि वर स्क्रू मार. आणि पीओपी थोडंथोडंच कालव हां, बघता बघता घमेल्यातच दगड होतं.

सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

पण खरी गोची भिंतीची असते. आपल्याकडे जुना डिस्टेंपर असतो, हात फिरवला की पांढरी पावडर येते, त्यावर कितीही भारी गम लावलास तरी तो पावडरीला चिकटणार, भिंतीला नाही, मग पट्टी पोपड्यासकट खाली. तेवढा पट्टा पत्रीने खरवड, पॉलिश पेपर मार, ओल्या फडक्याने पूस, पूर्ण वाळू दे. ओल असेल तर पावसाळा संपेपर्यंत थांब सरळ.

लावल्यावर रात्रभर मास्किंग टेप राहू दे.