हील सहाचं तीन करण्याआधी

तुम्ही बनवत असलेल्या टर्नवार (आळीपाळीने चाली करायच्या) लढाईच्या खेळात मेडिक, म्हणजे जखमींना पट्टी करणारा सैनिक, दर टर्नला ६ हेल्थ भरून देतो, लढाई संपता संपत नाही, म्हणून हे हील (हेल्थ भरून देणं) ३ वर आणू का, असं तुम्ही विचारलंय. आधी तुमच्याच आकड्यांनी हिशेब करू.

सैनिकाची हेल्थ १२, शत्रूची गोळी ५ ची, लागण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे एक शत्रू टर्नला सरासरी ३ चं नुकसान करतो आणि मेडिक एकटा दोन शत्रूंची मेहनत पुसून टाकतो. तेही हमखास, कारण गोळी चुकते, पट्टी चुकत नाही. इथवर तुमचं निदान बरोबर.

पण तुमच्या खेळात १ हेल्थवरचा सैनिकही धडधाकट असल्यासारखाच गोळी झाडतो. त्यामुळे तो अजून किती गोळ्यांत मरेल, एवढाच प्रश्न उरतो. २ वर आलेल्याला ३ दिले की तो ५ वर जातो आणि पुढच्या गोळीला मरतोच. ७ वाल्याचे १० होतात. आधी दोन गोळ्यांत मेला असता, आताही दोनच. तेच ४ दिले तर दोघांनाही मारायला एकेक गोळी जास्त लागते, आणि ६ देऊनही तेवढीच लागते! म्हणजे ४ ला जवळपास काही बदलत नाही आणि ३ ला मेडिकला कुणी संघातच घेणार नाही. माझ्या पहिल्या खेळात मी हाच आकडा आठवडाभर खालीवर करत बसलो होतो.

तेव्हा आकडा राहू द्या, हील महाग करा. २०१२ च्या एक्सकॉम या टर्नवार व्हिडिओ गेममध्ये मेडिकिट (औषधपेटी) ४ हेल्थ देतं, पण साधारणपणे लढाईत एकदाच. सपोर्ट प्रकारच्या सैनिकाने फील्ड मेडिक हे कौशल्य घेतलं तर तीनदा. शिवाय ते सोबत घ्यायचं तर ग्रेनेडची जागा जाते. जॅग्ड अलायन्स २ (१९९९) हा तसाच खेळ आणखी कडक आहे. पट्टीने फक्त रक्त थांबतं, हेल्थ परत यायला लढाईनंतर डॉक्टरच्या हाताखाली तास न् तास काढावे लागतात.

मला सगळ्यात आवडते ती वेस्नॉथ या टर्नवार खेळाची पद्धत. तिथे हील करायला चाल खर्च होतच नाही. टर्न सुरू होताना बरं करणाऱ्याला खेटून असलेल्या आपल्या सगळ्यांना हेल्थ मिळते, शामन या बरं करणाऱ्याकडून ४, व्हाइट मेज या जादूगाराकडून ८. गावात थांबलं तरी ८, पण दोन्हींची बेरीज होत नाही. सगळी किंमत जागेत आहे. नकाशातली घरं षट्कोनी, शेजार सहाच घरांचा, आणि मेज बिचारा नाजूक. त्याला आघाडीच्या मागे चिकटवून ठेवायचा तर सगळी फळी त्याच्या भोवती रचावी लागते, आणि एक घर उघडं राहिलं की शत्रू थेट त्याच्यावर. हीलचा प्रश्न असा मांडणीचा प्रश्न होतो, आणि अशा खेळात मजा मांडणीचीच.

तुमच्या नकाशात चौकोनी घरं आहेत, त्यामुळे हे जसंच्या तसं उचलू नका. तिरके शेजारी धरले तर आठ जण हील होतील. तुमच्यासाठी सोपं म्हणजे हील ६ च, फक्त लगतच्या घरात, आणि लढाईत दोनच पट्ट्या. एवढ्यानेही खेळणारे कोपऱ्यात दबा धरून बसले, तर दोष मेडिकचा नसून घड्याळाचा आहे. वेळ काढण्याची शिक्षाच नसेल तर वेळ काढणारच. एक्सकॉम २ ने कित्येक मोहिमांना टर्नची मर्यादा घातली ती उगाच नाही.

दोन पट्ट्या लावून चार-पाच लढाया खेळा आणि दुसरी पट्टी कितव्या टर्नला संपते ते इथे टाका. तिसऱ्याच्या आत संपत असेल तर गोळी ५ ची ४ करायची का, ते मग बघू.