ताकद जाईल का, ताई?

जूनमध्ये, मासेमारी बंद झाली त्याच आठवड्यात, हर्णै बाजूचं एक जोडपं माझ्याकडे सल्ल्याला आलं. (ओळख बदलून सांगते.) दुसरं सिझर होऊन आठ महिने, बाईचं हिमोग्लोबिन साडेआठ. तरी नसबंदीचं ऑपरेशन तिनंच करायचं, हे घरात ठरलेलं. नवरा ट्रॉलरवर खलाशी, दाराबाहेर उभा. नवरे तिथेच उभे राहतात, आणि बरीच वर्षं मीही त्यांना आत बोलावलं नाही, हे चुकलंच माझं. त्या दिवशी त्याला खुर्ची दिली.

दोरानं घट्टे पडलेले तळवे चोळत तो गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "माझं केलं तर ताकद जाईल का, ताई? जाळं ओढायचं असतं."

नाही जात. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या बंद करतात. पुरुषाचं संप्रेरक वृषणातून थेट रक्तात मिसळतं, त्या नळ्यांतून जातच नाही. त्यामुळे जोर, इच्छा, संबंध सगळं पहिल्यासारखंच. तेवढीच जागा बधिर करून, बिनटाक्याचं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. बाईच्या मात्र पोटात शिरावं लागतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्यानं नसबंदी केलेली जोडपी ०.३ टक्के. इथून जवळचं मुरुड हे र. धों. कर्व्यांचं गाव. त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली. शंभर वर्षांनंतरचा हा आकडा बघून जीव तुटतो.

दुसऱ्या खेपेला सासू आली. "दर्यावर जाणाऱ्या पोराला हत्यार लावू नका." आणीबाणीत पुरुषांना धरून नेत, ती धास्ती तिच्या मनात होती. आता लेखी संमतीशिवाय कुणाला हात लावत नाहीत, हे सांगितलं. मग विचारलं, "तुमचं कधी झालं, मावशी?"

"तिसऱ्या बाळंतपणानंतर. पंधराव्या दिवशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन बाजारात." एवढं बोलून ती सुनेकडे बघत राहिली.

जुलैच्या सुरुवातीला त्याचं झालं. आठवडाभर जड उचलायचं नव्हतं, आणि होडी तर ऑगस्टलाच सुटणार होती. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं. तो अहवाल येईपर्यंत दिवस राहू शकतात, हे मी दोघांकडून दोनदा म्हणून घेतलं.

ऑक्टोबरात अहवाल स्वच्छ आला. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला आणि बायकोकडे बोट दाखवलं, "आता हिचं रक्त तपासा."