सपाट आहे म्हणून सोपं धरू नका (नांदूरमध्यमेश्वरला दिवसभर चालायचं असेल तर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात सहा जण, त्यात आईंचं वय 62, गुडघ्यांमुळे चढ नको. जंगल आणि पाणथळ तळी बघत 15-16 किलोमीटर चालायचंय. नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वरला जावं का आणि तयारी काय करावी?

जागा तुम्हीच सुचवलीत ती बरोबर आहे, नांदूरमध्यमेश्वर. फक्त 'जंगल' या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. सागवानाचं दाट रान इथे नाही. काठाने बाभळी, करंज, मध्येच चिंच, आणि पलीकडे ऊस नाहीतर द्राक्षबागा. खरी मजा पाण्यात आहे. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा घातला. त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ डबकी, बेटं, पाणकणसांचे पट्टे तयार झाले. 1986 मध्ये हे अभयारण्य झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं.

आता मुद्द्याचं. आम्ही नाशिकची माणसं हरिहर, अंजनेरी करून आलेली, त्यामुळे सपाट वाट म्हटली की हसतो. मीही हसलो होतो. पहिल्या खेपेला आठव्या-नवव्या किलोमीटरला माझी पावलं जेवढी भरून आली, तेवढी ब्रह्मगिरीला कधी आली नव्हती. चढ-उतारात स्नायू आळीपाळीने राबतात. सपाटीवर तेच पाऊल, त्याच जागी, तासन्‌तास. मोजा टाचेच्या एकाच बिंदूवर घासतो आणि फोड येतो. म्हणून नवे बूट घालू नका. निघताना टाचेला आणि बोटांच्या फटींत व्हॅसलीन लावा, अर्ध्या वाटेत बूट काढून मोजे बदला. आईंना हे आवर्जून करायला लावा, त्या "काही नाही होत" म्हणतील.

बुटाचा तळ जाड हवा, कारण बाभळीचा काटा. पळायच्या मऊ बुटातून तो सरळ आरपार येतो. माझ्या बुटातला आम्ही नखं कापायच्या कात्रीने ओढून काढला होता. तेव्हापासून चिमटा खिशात असतो.

वेळेचा हिशोब रस्त्यावरच्या चालीने करू नका. पक्षी बघत चाललं तर तासाला दोन-अडीच किलोमीटर, त्याहून जास्त नाही. म्हणजे 15 किलोमीटरला सहा-सात तास, खाणं-बसणं वेगळं. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधार पडतो. आणि अंधार पडायच्या आत उसाच्या बाजूने बाहेर पडलेलं असायलाच हवं. निफाड तालुक्यातल्या उसात बिबट्या असतो, ही ऐकीव भीती नाही. पहाटेही तसंच: अंधारात गाडीने काठावरच्या चापडगावला, पक्षी बघायच्या मनोऱ्यापाशी या, चालायला सुरुवात नीट उजाडल्यावरच. मुलं मध्ये, मोठे पुढे-मागे.

थंडी निफाडची आहे हे विसरू नका. पारा 6-7 अंशांवर येणं तिथे नवलाचं नाही, आणि दहा वाजता तुम्ही स्वेटर कमरेला बांधून फिरत असता. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. रंग मातकट, झाडाच्या पाचोळ्यासारखे. लाल टोपी घरी ठेवा.

वाट कोणती, हे मी नकाशावर आखून देणार नाही, कारण काठ एका जागी राहत नाही. वरून गंगापूर-दारणा धरणांचं पाणी सोडलं की फुगवटा वाढतो, कालव्यांनी उचललं की उतरतो. गेल्या महिन्यातली पायवाट या महिन्यात चिखल असू शकते, आणि ती काळी माती एकदा बुटाला लागली की पायात वीट बांधल्यासारखं वाटतं. चापडगावला स्थानिक मार्गदर्शक मिळतो, तो घ्या. सध्या आवर्तन (शेतीसाठी कालव्याला पाणी सोडायची पाळी) चालू आहे का, कुठल्या बाजूला काठ कोरडा आहे, हे त्याला विचारून मगच दिशा ठरवा. शक्यतो सकाळी ऊन पाठीवर येईल अशा काठाने जा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. पाण्यात उतरायचं नाही, ड्रोन नाही, स्पीकर तर नाहीच.

काय दिसेल? वारकरी म्हणजे कूट, या काळ्या पाणपक्ष्यांचे थवे तर ढिगाने. पण मी तुम्हाला जांभळ्या पाणकोंबडीपाशी थांबायला सांगेन. पाणकणसाचा दांडा ती लांब बोटांत धरून, माणसाने ऊस सोलावा तशी सोलते आणि आतला पांढरा गाभा खाते. आम्ही वीस मिनिटं तेवढंच बघत बसलो होतो. चित्रबलाक, शेकाटे, हळदीकुंकू बदकं सोबतीला असतातच. रोहित (फ्लेमिंगो) दिसले तर नशीब, त्यांच्यासाठी दिवस बेतू नका.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेत दुकान धरू नका. भाकरी, ठेचा, गूळ-शेंगदाणे पुरतात. बायकांची सोय म्हणून निघण्याआधी वनखात्याच्या केंद्रावर थांबा, पुढे आडोसा मिळेलच असं नाही.

आणि आईंसाठी: जिथून निघाल तिथेच परत यायचं ठेवू नका. ड्रायव्हरला गाडी घेऊन सात-आठ किलोमीटरवरच्या एखाद्या गावात थांबवा. आईंना वाटलं तर त्या तिथे गाडीत बसतील, नाही वाटलं तर मोजे बदलून पुढे येतील. आमच्या ग्रुपमधल्या मावशी तिथे गाडीत बसल्या खऱ्या, पण दुर्बीण काही त्यांनी परत दिली नाही.