वाचकांचे प्रश्न : हिमालयातली निळी पॉपी

जुलै-ऑगस्टमध्ये व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा ट्रेक करून आलेल्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये निळ्या पॉपीचा एखादा तरी फोटो असतो. त्यापाठोपाठ ‘ही घरी लावता येईल का?’ असं विचारणारी पत्रं येतात. थंड देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांना तर तिचं बी आणि रोपं नर्सरीतच मिळतात, त्यामुळे त्यांचे प्रश्न आणखी नेमके असतात. या वेळचे सगळे प्रश्न या निळ्या पॉपीबद्दल, म्हणजेच मेकोनॉप्सिस या वनस्पतीबद्दलच आहेत.

प्रश्न : ‘लिंगहोम’ जातीचं बी फेब्रुवारीत स्वयंपाकघरातल्या खिडकीत, रेडिएटरच्या वर ट्रे ठेवून पेरलं. थोडंसंच उगवलं आणि पंधरा दिवसांत रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. बी खराब होतं का? (एडिनबरा)

बी ठीक असावं, जागा चुकली. रोपं बुडाशी दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी होणं म्हणजे रोपमर. ऊब, ओल, दाटी आणि कोंडलेली हवा एकत्र आली की मातीतली पिथियम, रायझोक्टोनिया यांसारखी बुरशी कोवळं खोड मातीलगत कुजवते. रेडिएटरच्या उबेनं आणखी एक नुकसान झालं : हे बी थंडीत उगवणारं आहे. त्याला १० ते १५ अंश सेल्सियस तापमान लागतं. २० च्या पुढे गेलं की बरंचसं बी उगवायचं नावच घेत नाही.

पुन्हा पेराल तेव्हा बी त्याच उन्हाळ्यात धरलेलं घ्या. जुन्या बियांची उगवण झपाट्यानं घटते. पेरणीपर्यंत कागदी पुडीत, घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा. पेरणीला जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी हा काळ बरोबर आहे. ताजं बी सप्टेंबरमध्ये पेरलं तर उगवतं छान, पण नखाएवढी रोपं हिवाळा काढत नाहीत.

चाळलेलं, चुना नसलेलं बी-पेरणीचं मिश्रण दोन भाग आणि परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) किंवा २-३ मिलिमीटरची जाड वाळू एक भाग घ्या. कुंडी भरून हलकी दाबा, पाण्याच्या ताटात ठेवून खालून भिजवा आणि पूर्ण निथळू द्या. १० सेंटिमीटरच्या कुंडीत ५०-६० बियांच्या वर जाऊ नका. बी जेमतेम झाकेल इतकाच व्हर्मिक्युलाइटचा (हलक्या, पापुद्र्यांच्या खनिजाचा) थर द्या. वर पारदर्शक झाकण ठेवून कुंडी न तापवलेल्या खोलीत किंवा काचघरात ठेवा. दोन ते चार आठवड्यांत अंकुर दिसतात. सहा आठवडे काहीच हललं नाही तर कुंडी पिशवीत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा आणि पुन्हा बाहेर काढा.

निम्मं बी उगवलं की झाकण काढायचं. इथेच बहुतेकांचा हात अडखळतो, कारण झाकणाखाली रोपं टवटवीत दिसतात. पण ती कुजतात तीही तिथेच. यापुढे पाणी फक्त खालून. उत्तरेकडच्या खिडकीत रोपं उंच आणि लेचीपेची होत असतील तर वर २०-२५ सेंटिमीटरवर एलईडी लावून १४ तास उजेड द्या.

पहिली दोन पानं गुळगुळीत असतात. त्यानंतर येणाऱ्या खऱ्या पानांवर लव असते. अशी दोन पानं दिसली की रोप ७ सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा. धरायचं ते पानाला, खोडाला कधीच नाही. मुळं तळाच्या भोकातून डोकावली की लगेच मोठी कुंडी द्या. या झाडाची वाढ एकदा कुंडीत खुंटली की ती सहसा सावरत नाही. दर पंधरा दिवसांनी द्रवखत पाकिटावर लिहिलेल्याच्या निम्म्या मात्रेत द्या.

प्रश्न : रोप तीन वर्षं सांभाळलं, गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा भरघोस फुललं आणि त्यानंतर मेलं. पाणी, खत सगळं दिलं होतं. (सिएटल)

दोन शक्यता आहेत. मेकोनॉप्सिसच्या बऱ्याच जाती एकदाच फुलतात, बी धरतात आणि संपतात. तुमच्याकडे हिवाळाभर हिरवा राहणारा, केसाळ पानांचा मोठा झुबका होता का? असेल, तर ती एकदाच फुलणारी जात होती आणि तुमचं काहीच चुकलेलं नाही.

पानं हिवाळ्यात झडून फक्त मातीलगतचे डोळे (पुढच्या वर्षी फुटणारे कोंब) उरत असतील तर ती बारमाही निळी पॉपी होती. या झाडाला एकच माथा (मातीलगतचा पानांचा झुबका) असताना त्याला फुलू दिलं तर सगळी ताकद बियांत जाते आणि बाजूचे डोळे तयारच होत नाहीत. म्हणून कोवळ्या, एकमाथी झाडाचा पहिला फुलदांडा वर येताक्षणी बुडाशी कापायचा. जिवावर येतं, पण पुढच्या वर्षी तीन-चार माथे मिळतात. नंतरही बी हवं असेल तेवढीच बोंडं ठेवा, बाकीची कापा.

सिएटलकरांना आणखी एक अडचण असते. तिथं जुलै-ऑगस्ट कोरडे जातात, तर हिमालयात हेच महिने भर पावसाचे असतात. त्या दिवसांत माती सतत ओलसर हवी, वरून ८-१० सेंटिमीटर पालापाचोळ्याच्या खताचं आच्छादन हवं आणि दुपारी सावली हवी. २०२१ च्या जूनमध्ये पारा ४२ अंशांवर गेला होता. तसे दिवस पुन्हा आले तर शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी. त्यानंतर नशीब.

प्रश्न : पाकिटावर आकाशी फूल होतं, आमच्याकडे जांभळट आलं. हायड्रेंजियाला ॲल्युमिनियम सल्फेट घालून निळं करतात, तसं इथं करता येईल का? (व्हँकुव्हर)

नको. हायड्रेंजियाचा निळा रंग ॲल्युमिनियममुळे येतो आणि आम्लधर्मी मातीत ते मुळांना मिळतं. मेकोनॉप्सिसच्या पाकळीत काम करतं लोह. सायनिडिन जातीचं रंगद्रव्य, लोह, मॅग्नेशियम आणि फ्लेव्होनॉल गटातलं एक वनस्पतिद्रव्य यांची जोडणी जमली की तो निळा रंग दिसतो. मातीत लोहाची पावडर घालूनही ही जोडणी होत नाही. ती बिघडते ती बहुतेकदा ताणामुळे : फुलण्याच्या वेळी अचानक गरमी, कोरडी पडलेली माती, त्याच वसंतात हलवलेली मुळं. चुनखडीच्या जमिनीत रंग आणि झाड दोन्ही फिके पडतात. मातीचा सामू (पीएच) ५.५ ते ६.५ ठेवा, झाड हलवू नका आणि पुढच्या वर्षीचं फूल बघा. तेही जांभळंच आलं तर बियांतच भेसळ आहे. बियांपासून केलेली रोपं एकसारखी निघत नाहीत. खात्रीचा निळा हवा असेल तर ‘स्लीव्ह डोनार्ड’सारख्या वांझ, म्हणजे बी न धरणाऱ्या, जातीचं विभागणी करून केलेलं रोप विकत घ्या.

प्रश्न : पुण्यात गच्चीवर जमेल का? एसीच्या खोलीत? निदान महाबळेश्वरला? (पुणे)

तिन्ही ठिकाणी नाही. उंचीचा प्रश्नच नाही, विरळ हवा या झाडाला लागत नाही. स्कॉटलंडमध्ये ते समुद्रसपाटीला मजेत वाढतं, कारण एडिनबराला जुलैतही दुपार साधारण २० अंशांची आणि रात्र ११-१२ ची असते. पुण्यात मे महिन्यातली रात्रच त्यांच्या दुपारपेक्षा गरम. रात्र गार नसली की झाड दिवसभर केलेलं अन्न श्वसनातच जाळून टाकतं, मग मुळं कुजतात. महाबळेश्वरला पावसाळा गार असला तरी एप्रिल-मे उरतोच, आणि डोळ्यांना झोपवणारा खरा हिवाळा तिथे नाही.

एसी हवा कोरडी करतो आणि या झाडाला दमट हवा लागते. शिवाय हिवाळ्याची झोप वेगळी द्यावी लागते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लाँगवुड गार्डन्समध्ये काचघरात वसंताच्या सुमारास निळ्या पॉपी फुलवतात, पण त्यासाठी झोपलेली झाडं अलास्काहून आणतात. एवढी यंत्रणा असूनही तो एका हंगामाचा खेळ असतो. हौस म्हणून पुण्यात ऑक्टोबरअखेर साधी शर्ली पॉपी थेट वाफ्यात पेरा, फेब्रुवारीपर्यंत फुलेल. निळी नाही, पण पाकळीचा चुरगळलेला पोत तोच.

प्रश्न : ट्रेकमध्ये पिकलेली बोंडं मिळाली तर बी आणावं का? (नाशिक)

नाही. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स १९८२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तिथून पान तोडणंसुद्धा गुन्हा आहे. तुम्ही पाहिलेली काटेरी जात बहुधा मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा असणार. ती एकदाच फुलते आणि तिची पुढची पिढी त्या बोंडातच असते. पानादांड्यावरच्या काट्यांमुळे आपल्या पिवळ्या धोतऱ्याची आठवण येते, आणि ते बरोबरच आहे, कुळ एकच. परदेशातल्या वाचकांनी बागेत धरलेलं बी घ्यावं. स्कॉटिश रॉक गार्डन क्लब सभासदांसाठी दरवर्षी बियांची देवाणघेवाण करतो. तिकडून भारतात बी मागवायचं तर आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. कुणाच्या बॅगेतून आणवू नका.

प्रश्न : पॉपी म्हणजे अफू ना? कायद्याची अडचण? (कोल्हापूर)

कुळ अफूचं, झाड वेगळं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातली अफूची व्याख्या पॅपाव्हर या वंशापुरती आहे, मेकोनॉप्सिस तीत येत नाही. मात्र किराणा दुकानातली खसखस गंमत म्हणूनही पेरू नका. ती अफूच.

प्रश्न : पाच वर्षांचा ठोंबा मधोमध पोकळ झालाय, फुलं कमी येतात. (ॲबर्डीन)

विभागणीला दोन वर्षं उशीर झालाय, दर तिसऱ्या वर्षी करायला हवी. मार्चमध्ये डोळे हलू लागले की, किंवा फुलं संपल्यावर लगेच, पूर्ण ठोंबा काट्याच्या फावड्यानं उचला. माती झटकून हातानंच सुटे करा. सुरी लावली तर जखमेतून कूज शिरते. प्रत्येक तुकड्याला निदान एक ठसठशीत डोळा आणि बोटभर मुळं हवीत. मधला काळा, मऊ भाग फेकून द्या, कंपोस्टमध्येही नको. जुन्या जागी परत लावू नका. नव्या जागी खूप कुजलेलं पानांचं खत मिसळा, ४५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि डोळे मातीच्या पातळीलाच राहू द्या. खोल गेले की कुजतात. पाणी साचणारी जमीन असेल तर वाफा १५ सेंटिमीटर उंच करा. पानांवर पिवळट ठिपके आणि खालून राखाडी लव दिसली तर तो केवडा, म्हणजे डाउनी मिल्ड्यू. ती पानं कोरड्या दिवशी काढून टाका आणि झाडांत हवा खेळेल असं पाहा. मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या डोळ्यांवर बिनशंखी गोगलगायी तुटून पडतात, तेव्हा रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच खात्रीचा उपाय.